एका उताऱ्यापासून उत्पादनसंबंधांपर्यंत : चिनी तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा मार्क्सवादी अभ्यास कसा करावा

चिनी तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरील मार्क्सवादी ग्रंथ पहिल्यांदा हाती घेणाऱ्या वाचकाची तक्रार बहुधा ठरलेली असते : प्रत्येक विचारवंताच्या कपाळावर एक चिठ्ठी डकवलेली दिसते. वांग चोंग भौतिकवादी (जडद्रव्याला मूळ मानणारा), मेन्शियस चिद्वादी (चित्ताला मूळ मानणारा), अमुक ऱ्हास पावणाऱ्या गुलाममालकांचा प्रवक्ता, तमुक उगवत्या जमीनदारांचा. तक्रार रास्त आहे. मात्र तेवढ्यावर ग्रंथ मिटून ठेवणारा वाचक बरेच काही गमावतो. या परंपरेने विचारलेले काही प्रश्न, उदाहरणार्थ एखाद्या ग्रंथातील ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, किंवा एखाद्या मतामागे कोणता कर, कोणती जमीन आणि कोणता मठ उभा आहे, हे तिच्या उत्तरांपेक्षा अधिक टिकाऊ ठरले आहेत. ते प्रश्न स्वतः कसे विचारावेत, याची एक कार्यपद्धती येथे पायरीपायरीने मांडली आहे. चिनी भाषा न येणाऱ्या पण मूळ शब्द तपासण्याची चिकाटी असलेल्या अभ्यासकालाही ती वापरता येईल.

आधी वाटा ओळखाव्यात

‘मार्क्सवादी पद्धत’ असे एकवचनी बोलणे सोयीचे असले तरी चीनमध्ये या नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी चालत आल्या आहेत, आणि समोरचा ग्रंथ कोणत्या वाटेने जातो आहे हे ओळखल्याशिवाय त्याचा उपयोग करता येत नाही.

पहिली वाट भौतिकवाद आणि चिद्वाद यांच्या संघर्षाची. एंगल्सने १८८६ साली फॉयरबाखवरील निबंधात विचार आणि अस्तित्व यांतील प्राथमिक काय, हा तत्त्वज्ञानाचा मूलभूत प्रश्न मानला. जून १९४७ मध्ये सोव्हिएत नेते झ्दानोव यांनी त्याचे सूत्र कडक केले आणि तत्त्वज्ञानाचा इतिहास म्हणजे भौतिकवादी विश्वदृष्टीच्या जन्माचा व चिद्वादाशी झालेल्या तिच्या झुंजीचा इतिहास, अशी व्याख्या दिली. १९५० नंतरची चिनी पाठ्यपुस्तके याच साच्यात घडली. दुसरी वाट विचारांच्या सामाजिक इतिहासाची. तिचे सर्वांत भक्कम प्रतिनिधी हौ वायलू. त्यांनी १९३० च्या दशकात मार्क्सच्या ‘भांडवला’चे चिनी भाषांतर करण्यात भाग घेतला आणि पुढे सहकाऱ्यांसह चिनी विचारांचा पाच खंडी सामान्य इतिहास सिद्ध केला. तिसरी वाट संकल्पनांच्या तार्किक विकासाची. लेनिनने आपल्या तत्त्वज्ञानविषयक टिपणवह्यांत संकल्पनांना ज्ञानाच्या जाळ्यातील गाठी म्हटले होते. तो धागा पकडून १९८० च्या दशकात शांघायचे फंग ची आणि वुहानचे श्याओ जिएफू यांनी काम केले. माझे झुकते माप दुसऱ्या वाटेकडे आहे, हे वाचकाला पुढे दिसेलच. म्हणून ते आधीच सांगितलेले बरे.

पहिली पायरी : विचारवंत नव्हे, उतारा निवडावा

‘कन्फ्यूशियसचा वर्ग कोणता?’ हा प्रश्न घेऊन बसणाऱ्याला उत्तर पाच मिनिटांत मिळते आणि ते निरुपयोगी असते. त्याऐवजी दहा-बारा ओळींचा उतारा घ्यावा. आपण ‘संवादां’च्या, म्हणजे कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाच्या, पहिल्या भागातील पाचवे वचन घेऊ. हजार रथांच्या राज्याचा कारभार कसा करावा, हे सांगताना कन्फ्यूशियस म्हणतो की कामात दक्षता व सचोटी असावी, खर्चात काटकसर असावी, ‘रन’वर प्रेम करावे आणि ‘मिन’ला योग्य हंगामात कामाला लावावे. दोन्ही शब्दांचे भाषांतर सहज ‘लोक’ असे होते, आणि भाषांतरात हा फरक पुसला गेला की वचन सौम्य, सर्वहितकारी उपदेशासारखे वाचले जाते.

जाओ जीबिन या मार्क्सवादी अभ्यासकाने नेमके येथेच बोट ठेवले. एकावर प्रेम करायचे आणि दुसऱ्याला वेठीला लावायचे असेल, तर ते दोन एकच नव्हेत, असा त्याचा मुद्दा होता. त्याने ‘संवादां’तील दोन्ही शब्दांचे प्रयोग एकत्र करून असा निष्कर्ष काढला की ‘रन’ म्हणजे सत्ताधारी गुलाममालक आणि ‘मिन’ म्हणजे गुलाम.

अभ्यासकाने हे काम स्वतः करून पाहावे. मूळ चिनी पाठ संगणकावर शब्दवार शोधता येतो. चिन्ह ओळखता आले की पुरते. प्रत्येक प्रयोगासाठी एक टिपण करावे आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात : वचनाचा क्रमांक, बोलणारा कोण, शब्दाबरोबर आलेले क्रियापद कोणते, आणि त्या क्रियेचा कर्ता कोण. पंचवीस-तीस टिपणे झाली की ‘मिन’बरोबर कामाला लावणे, चालवणे, शिकवणे, पोसणे अशी क्रियापदे वारंवार येताना दिसतात, म्हणजे जाओच्या निरीक्षणात तथ्य आहे. पण टिपणे प्रामाणिकपणे केली असतील तर दहाव्या भागातील तबेल्याचे वचनही हाती लागते. तबेल्याला आग लागल्याचे कळताच कन्फ्यूशियस विचारतो, कोणा ‘रन’ला इजा झाली का? घोड्यांबद्दल तो विचारत नाही. तबेल्यात असणार ते मोतद्दार आणि नोकरचाकर, गुलाममालक नव्हेत. म्हणजे ‘रन’ हा शब्द वर्गवाचक म्हणून सर्वत्र चालत नाही. काही ठिकाणी तो निव्वळ ‘माणूस’ आहे. शब्दाच्या वापरात सामाजिक उतरंड आहे हे मान्य करूनही शब्द म्हणजेच वर्ग हे समीकरण सोडावे लागते. असा विरोधी पुरावा सापडेपर्यंत ही पायरी पूर्ण झाली असे समजू नये.

दुसरी पायरी : पाठाचे वय

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती वगळली की वरचा सगळा इमला कोसळतो. ताओवादाचा आद्य विचारवंत मानल्या जाणाऱ्या लाओत्सेच्या ग्रंथाचे उदाहरण पुरेसे आहे. प्रचलित पाठाच्या एकोणिसाव्या प्रकरणात मानवता आणि नीती टाकून देण्याचा आदेश आहे, आणि कन्फ्यूशियसपंथी नीतीवरचा हा थेट हल्ला कोणत्या वर्गाच्या रोषातून आला असावा, यावर बरीच शाई खर्च झाली. १९७३ मध्ये चांगशाजवळ मावांगदुई येथील थडग्यात रेशमावर लिहिलेल्या प्रती मिळाल्या, आणि १९९३ मध्ये हुबेई प्रांतात ग्वोदियान येथे इ.स.पू. ३०० च्या सुमाराच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवरील त्याहून जुना पाठ मिळाला. ग्वोदियानच्या पाठात त्या जागी मानवता आणि नीती यांवर हल्लाच नाही. ज्या वाक्यावर वर्गविश्लेषण उभे होते ते वाक्य बहुधा पुढच्या काळातील वादविवादाने घडवलेले निघाले.

म्हणून १९९८ पूर्वीच्या, म्हणजे ग्वोदियानचे पाठ प्रसिद्ध होण्यापूर्वीच्या, कोणत्याही ग्रंथातील लाओत्सेवरचे प्रकरण वाचताना समासात तशी खूण करून ठेवावी.

तिसरी पायरी : उसन्या शब्दांची झडती

मराठी वाचकासाठी ही पायरी जरा वेगळी आणि, मला वाटते, अधिक रंजक आहे, कारण आपल्याकडे गोंधळ दुहेरी आहे.

चिनी मार्क्सवादी ज्याला सरंजामशाही म्हणतात त्यासाठी त्यांचा शब्द ‘फंगजियान’ आहे. हा जुना शब्द. प्राचीन झोऊ राजवंशाच्या राजांनी आपल्या नातलगांना व सरदारांना प्रदेश वाटून दिले, त्या व्यवस्थेचे ते नाव. इ.स.पू. २२१ मध्ये छिन सम्राटाने चीन एकत्र केला तेव्हा ही व्यवस्था मोडून अधिकाऱ्यांमार्फत चालणारे प्रांत व तालुके आणले. आता मार्क्सवादी इतिहासकार ग्वो मोरुओच्या कालविभागणीनुसार चीनमधील ‘सरंजामशाही’ इ.स.पू. ४७५ च्या सुमारास सुरू होऊन एकोणिसाव्या शतकापर्यंत चालते. म्हणजे ज्या दोन हजार वर्षांत मूळ ‘फंगजियान’ राज्यव्यवस्था म्हणून मोडीत निघाली होती त्याच दोन हजार वर्षांना ‘फंगजियान’ हे नाव मिळाले. त्यावर आपला ‘सरंजाम’ हा शब्द मराठेशाहीतील, फौज बाळगण्याच्या मोबदल्यात दिलेल्या महसुली नेमणुकीचा. हे तीन अर्थ मनात एकमेकांवर पडले की सुंग काळातील गावचा जमीनदार डोळ्यांपुढे पेशवाईतल्या सरदारासारखा उभा राहतो. टिपण करताना ‘सरंजामशाही’ न लिहिता प्रत्यक्ष संबंध लिहावा : जमीन कोणाची, कसणारा कोण, खंड किती, वेठ कोणाकडे, कर कोणाला.

दुसरा शब्द चिद्वादाचा. चिनीत त्यासाठी ‘वेइशिन’ वापरतात, आणि तो मूळचा बौद्ध ‘चित्तमात्र’ या संज्ञेचा अनुवाद आहे. सर्व काही चित्तच मानणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचे चित्त, कन्फ्यूशियसपंथी वांग यांगमिंगचे नैतिक ‘शिन’ (मन) आणि हेगेलचे परमचैतन्य हे तिन्ही एका शब्दाखाली येतात म्हणून त्यांना एका पंक्तीत बसवणे ही भाषेने केलेली चलाखी आहे. सुंग काळातील कन्फ्यूशियसपंथी जू शीचे ‘ली’ हे तत्त्व चित्ताबाहेर आहे आणि द्रव्याहून निराळे आहे. त्याला ‘वस्तुनिष्ठ चिद्वाद’ हे नाव द्यायचे तर द्यावे, पण त्या नावाने कोणता नवा प्रश्न सुचतो हे विचारावे. सुचत नसेल तर नाव सोडून द्यावे.

चौथी पायरी : जमीन, कर आणि कायदा यांचा तक्ता

आता उतारा ज्या काळातील आहे त्या काळातील उत्पादनसंबंधांची, म्हणजे जमीन कोणाची आणि तिच्यावरचे उत्पन्न कोणाकडे जाते याची, नोंद करायची. ‘लोखंडाच्या अवजारांमुळे उत्पादनशक्ती वाढल्या’ असे एक वाक्य सर्व प्रकरणांना लावण्याची सवय टाळून निश्चित घटना शोधाव्यात. कन्फ्यूशियसच्या बाबतीत त्या सुदैवाने मिळतात. त्याच्या लू राज्यात इ.स.पू. ५९४ मध्ये जमिनीच्या क्षेत्रफळावर कर बसवला गेला. जंग राज्याने ५३६ मध्ये व जिन राज्याने ५१३ मध्ये दंडविधान धातूच्या भांड्यांवर कोरून जाहीर केले, आणि दुसऱ्या प्रसंगावर कन्फ्यूशियसने टीका केल्याची नोंद ‘झ्वोजुआन’ या इतिहासग्रंथात आहे. लूमध्ये ४८३ मध्ये पुन्हा जमिनीवर नवी आकारणी आली. त्या वेळी तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता.

हा तक्ता शेजारी ठेवून ‘संवादां’चा अकरावा भाग वाचावा. झोऊच्या ड्यूकपेक्षाही श्रीमंत झालेल्या लूमधील बलाढ्य जी घराण्यासाठी शिष्य रान छिऊ आणखी कर गोळा करतो, तेव्हा कन्फ्यूशियस त्याला आपला शिष्य मानण्यास नकार देतो आणि इतर शिष्यांना ढोल वाजवून त्याच्यावर हल्ला करण्यास सांगतो. येथे त्याची भूमिका एका वाक्यात बसत नाही : करवाढीला त्याचा विरोध शेत कसणाऱ्यांच्या बाजूने जातो, तर लिखित कायद्याला त्याचा विरोध जुन्या उमरावांच्या बाजूने. ही ओढाताण त्याच्या स्थानातूनच येते. तो जमीनधारी उमराव नव्हता आणि शेतकरीही नव्हता, तर पदासाठी राज्योराज्यी फिरणाऱ्या ‘शी’ या शिक्षित थराचा होता. वर्गविश्लेषण करायचे तर या थरापासून सुरुवात करावी.

हौ वायलूंनी या काळाबद्दल मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते. ‘शूजिंग’ या प्राचीन दस्तऐवजांच्या ग्रंथात एक वचन आहे, माणसे जुनी शोधावीत, भांडी मात्र नवी. चीनमध्ये नवी राज्यव्यवस्था आली तेव्हा जुने कुलसंबंध तुटले नाहीत, ते तिच्यात मुरले, असा अर्थ हौंनी त्यातून काढला आणि त्याची सांगड मार्क्सच्या आशियाई उत्पादनपद्धतीच्या, म्हणजे आशियातील समाज युरोपाहून वेगळ्या वाटेने घडले या कल्पनेच्या, चर्चेशी घातली. सोव्हिएत वर्तुळात १९३१ च्या लेनिनग्राड चर्चेनंतर ही संकल्पना बाजूला सारली गेली होती, हे लक्षात घेतले तर हौंचे धाडस कळते. मराठी वाचकाला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतील. युरोपातील टप्प्यांची शिडी भारताला जशीच्या तशी लावू नये, हा आग्रह त्यांनी पुण्यात बसून धरला होता.

पाचवी पायरी : प्रतिपक्षाचा शोध आणि फान जनचा धडा

कोणतेही मत कोणाविरुद्ध मांडले गेले हे कळल्याशिवाय त्याचे सामाजिक वजन कळत नाही. यासाठी फान जनच्या ‘आत्म्याच्या नाशावरील’ निबंधाइतके चांगले साहित्य दुसरे नाही, आणि नवशिक्याने सरावासाठी तोच घ्यावा असे मी सुचवेन. निबंध छोटा आहे, प्रश्नोत्तररूप आहे, आणि त्याला दिलेली प्रत्युत्तरेही शिल्लक आहेत.

पाचव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण छी राजवटीत राजपुत्र श्याओ त्झलियांग याच्या दरबारी बौद्ध विद्वानांचा मेळा असे. राजपुत्राने विचारले, कर्मफल नाही तर कोणी श्रीमंत आणि कोणी गरीब का? फान जनने उत्तर दिले की एकाच झाडाची फुले वाऱ्याने उडतात. काही पडद्यांवरून घसरून गालिच्यावर पडतात, काही कुंपणावरून शौचकूपात. आपण गालिच्यावर पडलात, मी शौचकूपात. यात कर्मफल कुठे आले? निबंधात त्याने शरीर आणि आत्मा यांचा संबंध सुरीच्या पात्याला आणि धारेला लावला : पात्यावाचून धार उरत नाही, तसा शरीरावाचून आत्मा उरत नाही. पुढे लियांग सम्राट वू याने, इ.स. ५०७ च्या सुमारास, दरबारातील साठाहून अधिक व्यक्तींकडून या मताविरुद्ध लेखी प्रतिसाद गोळा केले.

पाठ्यपुस्तकी मांडणी येथे थांबते : फान जन थोर भौतिकवादी, सम्राट चिद्वादी. आपण निबंधाचा शेवट वाचावा. लोक भिक्षूंसाठी संपत्ती उधळतात, बुद्धामागे लागून घरदार मोडतात, पण आप्तांना व गरिबांना मदत करत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. मठांकडे जाणारे धान्य, मठात गेल्याने वेठीतून व करातून सुटणारी माणसे, रिकामी होणारी कोठारे. म्हणजे वादाच्या मुळाशी अतिरिक्त उत्पादन कोणाकडे जावे हा प्रश्न आहे, आणि तो मार्क्सवादी वाचनाशिवाय सहसा नजरेत भरत नाही. त्यानंतर मात्र तो आदर्श समाजाचे जे चित्र काढतो त्यात सामान्य जन आपल्या बांधावर समाधानी आहेत आणि सज्जन आपल्या साधेपणात. म्हणजे आत्म्याबद्दल कमालीचा निर्भीड असलेला हा माणूस समाजरचनेबद्दल पुरता पारंपरिक आहे. भौतिकवादी म्हणजे पुरोगामी हे समीकरण त्याच्याच लेखणीने मोडते. ही विसंगती लपवू नये. निबंध लिहिताना तीच मध्यभागी ठेवावी.

सहावी पायरी : मधले दुवे

कराचा तक्ता एका बाजूला आणि संकल्पना दुसऱ्या बाजूला ठेवून मध्ये ‘म्हणून’ हा शब्द घालण्याचा मोह येथे होतो. एंगल्सने कॉनराड श्मिटला ऑक्टोबर १८९० मध्ये लिहिलेले पत्र या मोहावर चांगला उपाय आहे. प्रत्येक काळातील तत्त्वज्ञान आधीच्या पिढ्यांकडून मिळालेली विचारसामग्री घेऊन सुरू होते, आर्थिक परिस्थिती ती सामग्री नव्याने निर्माण करत नाही, ती कशी बदलेल व पुढे जाईल हे बहुतेक वेळा अप्रत्यक्षपणे ठरवते, असे तो सांगतो. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की दुव्यांची नावे घ्यावीत. फान जनच्या बाबतीत ते असे : सुरी-धारेचा दृष्टांत घडण्याआधी मेणबत्ती आणि ज्योत हा जुना दृष्टांत होता, आणि ज्योत दुसऱ्या मेणबत्तीवर नेता येते म्हणून तो बौद्धांनी आपल्या बाजूला वळवला होता. सुरीचा दृष्टांत ही पळवाट बंद करतो. वर्गहिताने वाद पेटवला असेल, पण दृष्टांत का बदलला याचे कारण वादाच्या आतले आहे.

सातवी पायरी : भाष्यकाराचेही साल पाहावे

ज्या पद्धतीने आपण फान जन वाचला त्याच पद्धतीने त्याचे आधुनिक भाष्यकार वाचावेत. कन्फ्यूशियस सामाजिक बदलाच्या ओघाबरोबर होता असे ग्वो मोरुओने १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दहा समीक्षां’त मांडले; ७ ऑगस्ट १९७३ च्या ‘पीपल्स डेली’त यांग रोंगग्वो यांनी त्याला गुलामगिरीचा हट्टी रक्षक ठरवले. दोघेही मार्क्सवादी, पुरावा जवळपास तोच. मधल्या काळात बदलले ते चीनचे राजकारण, आणि यांगचा लेख माओविरोधी ठरवलेले लष्करी नेते लिन बियाओ आणि कन्फ्यूशियस यांच्याविरुद्धच्या सरकारी मोहिमेच्या तोंडावर आला होता. तत्त्वज्ञानाचे इतिहासकार रन जीयू यांनी १९६३ मध्ये लाओत्सेला भौतिकवादी म्हटले, १९७३ मध्ये चिद्वादी, आणि नंतर दोन्ही बाजू प्राचीन माणसाच्या तोंडी पुढच्या काळाचा प्रश्न घालत होत्या हे मोकळेपणाने कबूल केले. आपली चूक अशी छापून मान्य करणारे विद्वान कोणत्याही देशात थोडेच.

जानेवारी १९५७ मधील पेकिंग विद्यापीठातील परिषद स्वतंत्रपणे वाचण्याजोगी आहे. तत्त्वज्ञ फंग योउलान यांनी त्या महिन्यात असे सुचवले की जुन्या वचनांचा मूर्त अर्थ आणि अमूर्त अर्थ वेगळा करावा. ‘शिकावे आणि वेळोवेळी उजळणी करावी’ यातील शिकण्याचा मूर्त विषय काव्य, विधी व संगीत हा होता आणि तो आज निकामी आहे. शिकलेले पुन्हा पुन्हा करून पाहावे हा अमूर्त अर्थ मात्र घेता येतो. यावर त्यांना वर्षानुवर्षे झोडपले गेले. टीकाकारांच्या मुद्द्यात दम होता, कारण अमूर्त केल्यावर कोणतेही वचन कोणाच्याही कामी येते; पण वर्गस्वभाव एवढेच सांगून वारसा का टिकतो याचे उत्तर त्यांनाही देता आले नाही.

ही भाषांतरित साधने मिळवण्यासाठी १९६९ पासून निघणाऱ्या ‘चायनीज स्टडीज इन फिलॉसॉफी’ या इंग्रजी नियतकालिकाचे जुने अंक ग्रंथालयात शोधावेत. पुढे त्याचे नाव ‘कंटेम्पररी चायनीज थॉट’ झाले. तुलनेसाठी फंग योउलान यांचा १९३१ व १९३४ चा, मार्क्सवादापूर्वीचा दोन खंडी इतिहास शेजारी असावा. तोच लेखक पुढे सात खंडांत तोच इतिहास पुन्हा लिहितो आणि १९९० मध्ये, मृत्यूच्या वर्षी, पूर्ण करतो. एकाच विचारवंतावरची दोन्ही प्रकरणे समोरासमोर ठेवली की पद्धतीने नेमके काय दिले आणि काय हिरावले ते पानापानावर मोजता येते.

लेखन

मसुद्याचा क्रम अभ्यासाच्या क्रमासारखाच ठेवावा : उतारा, शब्द, पाठाचे वय, जमीन व कर, प्रतिपक्ष, दुवे, भाष्यकार. समाजाच्या वर्णनाने सुरुवात केली की तत्त्वज्ञान शेवटच्या दोन पानांत आकसून जाते, आणि बहुसंख्य पाठ्यपुस्तकांचे तेच झाले आहे. पहिल्या मसुद्यातून ‘भौतिकवादी’, ‘चिद्वादी’, ‘सरंजामी’, ‘पुरोगामी’ हे चार शब्द पूर्णपणे काढून टाकावेत आणि दुसऱ्या मसुद्यात ज्या वाक्याचे त्यांच्यावाचून अडते तेथेच परत घालावेत. फान जनवरील लेखात मला पहिला शब्द एकदा परत लागला, चौथा लागला नाही.

पुढच्या सरावासाठी इ.स.पू. ८१ मधील मीठ आणि लोखंड यांच्या सरकारी मक्तेदारीवरचा दरबारी वाद घ्यावा. तेथे दोन्ही पक्ष आपापली अर्थनीती उघडपणे मांडतात, त्यामुळे तक्ता करणे सोपे आहे. कठीण आहे ते हे ठरवणे की मक्तेदारीला विरोध करणारे कन्फ्यूशियसपंथी विद्वान शेतकऱ्यांच्या वतीने बोलत होते, की ज्यांचा धंदा मक्तेदारीने हिरावला त्या धनिकांच्या.